तीन घ्यायचे की कोपरा? नागपुरात बसून आंतरराष्ट्रीय रग्बी पाहायची रीत

रग्बी पहिल्यांदा लावणारा माणूस साधारण वीस मिनिटांत चॅनल बदलतो. माणसांचा ढीग पडतो, शिट्टी वाजते, कुणीतरी चेंडू मैदानाबाहेर मारून देतो आणि प्रेक्षक टाळ्या पिटतात. बाहेर मारल्याबद्दल टाळ्या कशाच्या, हे कळत नाही. क्रिकेटवर पोसलेल्या डोळ्याला तर हे सगळं उलटंच वाटतं.

यावर उपाय नियमपुस्तक पाठ करणं हा नाही. रग्बीच्या सामन्यात एक क्षण पुन्हा पुन्हा येतो, तो ओळखायला शिका. पेनल्टी मिळालेली असते, कर्णधार पंचाजवळ उभा असतो आणि त्याच्यापुढे निवड असते. खांबांकडे बोट दाखवून किक मारायची आणि ३ गुण घ्यायचे, की चेंडू कोपऱ्याजवळ बाहेर मारून तिथून ट्रायसाठी (गोलरेषेपलीकडे चेंडू टेकवण्यासाठी), म्हणजे ५ अधिक २ अशा ७ गुणांसाठी जुगार खेळायचा? सिक्स नेशन्स असो की विश्वचषक, निकाल बरेचदा इथेच ठरतात. खालची सगळी तयारी तो क्षण नीट वाचता यावा म्हणून आहे.

आधी घड्याळ लावा

सुरुवात सिक्स नेशन्सपासूनच करा. इंग्लंड, स्कॉटलंड, वेल्स, आयर्लंड, फ्रान्स आणि इटली असे सहा संघ, फेब्रुवारी-मार्चमध्ये पाच फेऱ्या, एकूण १५ सामने. नागपूरच्या दृष्टीने याच्याइतकी सोयीची स्पर्धा नाही. थंडी ओसरत असते, ऊन अजून तापलेलं नसतं आणि शनिवारचे सामने संध्याकाळी येतात.

हिवाळ्यात ब्रिटनचं घड्याळ आपल्यापेक्षा साडेपाच तास मागे असतं. तिथला सव्वादोनचा सामना आपल्याकडे संध्याकाळी ७:४५ ला आणि पावणेपाचचा रात्री १०:१५ ला सुरू होतो. रविवारी दुपारी तीनचा असेल तर आपले रात्रीचे ८:३०. शुक्रवारी रात्रीचा सामना मात्र दीड-पावणेदोनला येतो. तो सोडा, सकाळी पाहा. वेळा दर वर्षी पाच-दहा मिनिटं इकडेतिकडे होतात, त्यामुळे हंगामाचं वेळापत्रक आलं की एकदाच बसून भारतीय वेळा लिहून काढा. फ्रान्स आणि इटलीतल्या सामन्यांना कधी यजमान देशाची वेळ छापलेली असते आणि ती ब्रिटनपेक्षा एक तास पुढे असते. सामना एक तास चुकण्याचं नेहमीचं कारण हेच. दुसरं कारण मार्चचा शेवटचा रविवार. त्या दिवशी ब्रिटनचं घड्याळ पुढे जातं आणि फरक साडेचार तासांवर येतो. पुरुषांची स्पर्धा तोवर संपते, पण महिलांची सिक्स नेशन्स साधारण एप्रिलच्या आसपास असते आणि तिथे हा घोळ हमखास होतो.

दक्षिण गोलार्धाचा हिशोब वेगळा. न्यूझीलंड त्यांच्या हिवाळ्यात आपल्यापेक्षा साडेसहा तास पुढे असतं, म्हणून ऑकलंडमधला संध्याकाळी ७:०५ चा सामना आपल्याकडे दुपारी १२:३५ ला, ऐन जेवणाच्या वेळी. सिडनी तेव्हा साडेचार तास पुढे. दक्षिण आफ्रिका बाराही महिने साडेतीन तास मागे, म्हणजे तिथला संध्याकाळचा सामना आपल्याला रात्री नऊच्या आत-बाहेर मिळतो. अर्जेंटिना साडेआठ तास मागे, तिथल्या सामन्यांसाठी जागावंच लागतं.

कुठे दिसेल? भारतातले प्रक्षेपणाचे हक्क स्पर्धेगणिक आणि काही वर्षांनी बदलतात. मागच्या वर्षी ज्या अ‍ॅपवर पाहिलं तिथेच यंदा दिसेल असं धरून वर्षभराचे पैसे भरू नका. पहिल्या फेरीच्या आठवड्यात स्पर्धेच्या अधिकृत संकेतस्थळावर देशवार यादी पाहा आणि मगच एका महिन्याचं घ्या. वर्ल्ड रग्बी या जागतिक संघटनेची स्वतःची ‘रग्बीपास टीव्ही’ ही फुकट सेवा आहे. नोंदणी केली की जुने सामने पाहता येतात. थेट सामने मात्र देशानुसार बंद-चालू असतात.

मोबाईलच्या डेटावर पाहणार असाल तर एचडी चित्राला ताशी साधारण दोन ते तीन जीबी लागतात. सामना ८० मिनिटांचा, पण मध्यंतर आणि खोळंबे धरून पावणेदोन ते दोन तासांचा. रोजच्या दोन जीबीच्या पॅकमध्ये तो उत्तरार्धात हमखास अडकतो. आणखी एक, थेट प्रवाह खऱ्या खेळापेक्षा अर्धा मिनिट किंवा जास्तच मागे असतो. व्हॉट्सअ‍ॅपवर कुणी ‘घेतला रे ट्राय’ टाकलं की तुमची मजा गेली. सामन्यापुरता फोन पालथा ठेवा आणि राउटर इन्व्हर्टरवर घ्या.

मैदान डोळ्यांत बसवा

मैदान जास्तीत जास्त १०० मीटर लांब आणि ७० मीटर रुंद. दोन्ही टोकांना गोलरेषेवर एच आकाराचे खांब. दोघांत ५.६ मीटर अंतर आणि आडवी दांडी ३ मीटर उंचीवर. किक मोजली जाण्यासाठी चेंडू त्या दांडीवरून आणि दोन्ही खांबांच्या मधून जायला हवा, मग तो कितीही उंच गेला तरी चालेल.

सगळ्यात महत्त्वाची रेषा गोलरेषेपासून २२ मीटरवरची. क्रिकेटची खेळपट्टी २० मीटरची, त्यात दोन पावलं मिळवा, तेवढं अंतर. हल्ला करणारा संघ या पट्ट्यात शिरला आणि काहीच न घेता परतला, तर समजा मोठं नुकसान झालं. जाणकार ‘बावीसमध्ये किती वेळा गेले आणि किती गुण घेऊन आले’ एवढंच विचारतात.

बचाव करणाऱ्यालाही या रेषेची सूट आहे. स्वतःच्या बावीसच्या आतून थेट बाहेर मारलेला चेंडू जिथे बाहेर जातो तिथून खेळ पुढे चालतो. बावीसच्या बाहेर उभं राहून थेट बाहेर मारला, तर लाइनआउट (बाहेर गेलेला चेंडू दोन्ही संघांच्या रांगांमध्ये फेकून खेळ पुन्हा सुरू करणं) मारल्या जागेच्या रेषेत, म्हणजे काहीच कमाई नाही. मात्र स्वतःच्या अर्ध्यातून मारलेला चेंडू टप्पा खाऊन समोरच्याच्या बावीसमध्ये बाहेर गेला, तर लाइनआउटमध्ये चेंडू फेकायचा हक्क मारणाऱ्यालाच मिळतो. याला ५०:२२ म्हणतात. बाहेर मारल्यावर टाळ्या का पडतात, त्याचं उत्तर यात आहे.

गुणांचा हिशोब आणि तो कसा बदलत गेला

ट्राय म्हणजे गोलरेषेपलीकडे चेंडू जमिनीला दाबून टेकवणं. नुसता पलीकडे नेऊन चालत नाही. त्याचे ५ गुण. मग कन्व्हर्जनची किक, २ गुण. ती ट्राय जिथे टेकवला त्याच्या सरळ रेषेत मागे येऊन मारायची असते. म्हणून ट्राय घेणारा खेळाडू रेषा ओलांडल्यावरही खांबांच्या दिशेने पळत राहतो, किक सोपी व्हावी म्हणून. कोपऱ्यात टेकवला तर किक कठीण. पेनल्टी किक ३, चालत्या खेळात टप्पा पाडून मारलेला ड्रॉप गोल ३.

‘ट्राय’ हे नाव विचित्र वाटतं, कारण सुरुवातीला त्याला स्वतःचे गुणच नव्हते. रेषेपलीकडे चेंडू टेकवला की गोलवर किक मारण्याचा ‘प्रयत्न’ करायची परवानगी मिळायची, एवढंच. पहिला आंतरराष्ट्रीय सामना २७ मार्च १८७१ ला एडिंबराच्या रेबर्न प्लेसवर स्कॉटलंड आणि इंग्लंड यांच्यात झाला, तेव्हा हीच पद्धत होती आणि प्रत्येक संघात २० खेळाडू होते. पुढे ट्रायची किंमत वाढत गेली. १९७१ मध्ये ती ३ वरून ४ झाली आणि १९९२ मध्ये ५. प्रत्येक वाढीमागे हेतू एकच, नुसत्या किकांवर सामने जिंकू देऊ नयेत.

तरीही विश्वचषकाच्या अंतिम सामन्यात किकच चालते. १९९५ मध्ये जोहान्सबर्गला दक्षिण आफ्रिकेने न्यूझीलंडला जादा वेळेत १५-१२ ने हरवलं. नेल्सन मंडेला कर्णधार फ्रान्स्वा पिनारची ६ नंबरची जर्सी घालून आले होते, तो हा सामना. दोन्ही बाजूंनी एकही ट्राय नाही, शेवटचा घाव जोएल स्ट्रान्स्कीच्या ड्रॉप गोलचा. २००७ चा अंतिम सामना १५-६, तोही बिनट्रायचा. २०२३ मध्ये पॅरिसला न्यूझीलंडने ट्राय घेतला, दक्षिण आफ्रिकेने घेतला नाही, आणि जिंकली दक्षिण आफ्रिका १२-११. त्यांचे बाराही गुण हँड्रे पोलार्डच्या चार पेनल्टींचे. अंतिम सामना कंटाळवाणा असतो अशी तक्रार ऐकू येते. ती चूक आहे. तिथे एकेका चुकीची किंमत थेट ३ असते, म्हणून दोन्ही संघ स्वतःच्या अर्ध्यात पास देण्याचाही धोका घेत नाहीत.

बोनस गुण, म्हणजे तक्ता वाचायची किल्ली

सिक्स नेशन्समध्ये विजयाचे ४ गुण, बरोबरीचे २. चार किंवा जास्त ट्राय घेतले तर १ जादा, मग हरलात तरी. सात किंवा कमी गुणांनी हरलात तर १ जादा. ही पद्धत तिथे २०१७ पासून आली. कबड्डी पाहणाऱ्यांना यात नवल वाटणार नाही, सात किंवा कमी गुणांनी हरल्याचा एक गुण पूर्वी प्रो कबड्डीतही मिळायचा.

पाचही सामने जिंकले तर ग्रँड स्लॅम आणि ३ गुण जादा. हे तीनच का, ते कागदावर मांडून पाहा. एका संघाने पाचही सामने जिंकले, पण एकातही चार ट्राय नाहीत, तर त्याचे २०. दुसऱ्याने चार जिंकले, चारही बोनससह, तर २०, आणि पाचवा चार ट्राय घेऊन सातच्या आत हरला तर आणखी २, एकूण २२. पाच जिंकणारा मागे राहिला असता! २० मध्ये ३ मिळवले की २३. नेमकी हीच पळवाट बुजवली आहे.

आता या हिशोबाने सामना पाहा. ७९ वं मिनिट, संघ १० गुणांनी मागे, पेनल्टी मिळते आणि कर्णधार खांबांकडे बोट दाखवतो. सामना तर हरलेलाच आहे, मग ३ कशाला? कारण अंतर ७ वर येतं आणि एक गुण तक्त्यात पडतो. नवखा प्रेक्षक ‘डोकं फिरलं का याचं’ म्हणतो. शेवटच्या फेरीत अजिंक्यपद त्या गुणावर अडलेलं असू शकतं.

दक्षिण गोलार्धातल्या रग्बी चॅम्पियनशिपमध्ये ट्रायचा बोनस वेगळा आहे. समोरच्यापेक्षा तीन ट्राय जास्त हवेत. त्यामुळे हरणारा संघही शेवटच्या मिनिटाला एक ट्राय घेऊन समोरच्याचा बोनस पाडू शकतो. आम्हाला ही पद्धत जास्त चोख वाटते, शेवटची पाच मिनिटं मरत नाहीत. न्यूझीलंड, ऑस्ट्रेलिया आणि दक्षिण आफ्रिका यांची ही स्पर्धा १९९६ मध्ये ट्राय नेशन्स म्हणून सुरू झाली. इथल्या ‘ट्राय’चा अर्थ तीन, गुणांच्या ट्रायशी त्याचा संबंध नाही. २०१२ ला अर्जेंटिना आली आणि नाव बदललं.

बोनस किती निर्दय असतो त्याचं उदाहरण २०१५ चं. विश्वचषकात १९ सप्टेंबरला ब्रायटनमध्ये जपान दक्षिण आफ्रिकेशी खेळत होता. वेळ संपत आलेली, २९-३२ ने मागे, पेनल्टी मिळाली. खांबांवर मारून ३२-३२ अशी बरोबरी करता आली असती आणि तीही जपानच्या इतिहासातली सर्वांत मोठी बातमी ठरली असती. त्यांनी किक नाकारली, स्क्रम (दोन्ही संघांच्या आठ-आठ जणांनी भिडून चेंडूसाठी ढकलणं) मागितला, चेंडू एका टोकाकडून दुसऱ्या टोकाला फिरवला आणि कॅर्न हेस्केथने कोपऱ्यात ट्राय टेकवला. ३४-३२. हा शेवट ‘तीन की ट्राय’ शिकण्यासाठी सर्वोत्तम धडा आहे, शोधून पाहाच. पण पुढचं कमी लोकांना आठवतं. जपानने गटात चारपैकी तीन सामने जिंकले आणि तरी उपांत्यपूर्व फेरी हुकली. स्कॉटलंडचेही विजय तीनच होते, पण बोनस धरून १४ गुण. जपानचे बरोबर १२, बोनस शून्य.

रक पाहायला शिका

पहिल्या सामन्यात चेंडू पाहू नका. चेंडू हातात असलेला खेळाडू टॅकल होऊन खाली पडला की पुढच्या तीन-चार सेकंदांत जमिनीवर काय होतं, तेवढंच पाहा. सामन्यात असे प्रसंग शंभराहून जास्त येतात आणि बहुतेक पेनल्टी इथूनच निघतात.

कबड्डीत चढाई करणारा पकडला की डाव तिथे थांबतो. इथे पकडल्यावर खरा डाव सुरू होतो. पडलेल्याने चेंडू सोडायला हवा. पाडणाऱ्यानेही त्याला सोडून बाजूला लोळायला हवं. बचावातला पुढचा खेळाडू, स्वतःच्या पायांवर उभा राहून आणि आपल्या बाजूने येऊन, चेंडूवर हात टाकू शकतो. त्याने चेंडू धरला आणि पडलेला सोडत नाही, तर पेनल्टी बचावाला. हात टाकणाऱ्याचे गुडघे किंवा कोपर जमिनीला टेकले, किंवा तो बाजूने आत शिरला, तर पेनल्टी हल्ल्याला. दोघांच्या वर हल्ल्याचे साथीदार येऊन भिडले की रक तयार होतो. मग नव्याने हात घालायची बंदी, फक्त ढकलायचं. हात आधी पडला की रक आधी झाला, एवढ्या अर्ध्या सेकंदावर पंच निर्णय देतो.

पंचाच्या छातीवर माइक असतो आणि तो काय बोलतो ते प्रक्षेपणात ऐकू येतं. आवाज वाढवा. ‘रिलीज’ म्हणजे सोड, ‘रोल अवे’ म्हणजे बाजूला हो, ‘यूज इट’ म्हणजे चेंडू पाच सेकंदांत बाहेर काढ. तो खेळाडूंना चूक होण्याआधी इशारा देत असतो. दोन सामन्यांत तुम्ही शिट्टीच्या आधी पेनल्टी ओळखू लागाल. हात कमरेच्या उंचीवर आडवा धरला असेल तर त्या बाजूला फायदा चालू आहे, म्हणजे खेळू द्या, जमलं नाही तर मागे येऊन पेनल्टी देऊ. अशा वेळी संघ मुद्दाम अचाट पास किंवा लांब किक करून पाहतो, कारण गमावण्यासारखं काहीच नसतं.

पासबद्दल एक गैरसमज काढून टाका. चेंडू हाताने पुढे देता येत नाही हे खरं. पण पळणाऱ्याने मागच्या दिशेने सोडलेला चेंडू त्याच्या वेगामुळे मैदानावर थोडा पुढे सरकू शकतो. धावत्या एसटीतून वर उडवलेला पेरू हातातच परत येतो, तसंच. पंच चेंडू हातातून कुठल्या दिशेने सुटला ते पाहतो. त्यामुळे पडद्यावर पास पुढे गेल्यासारखा दिसला तरी तो वैध असू शकतो. यावरून घरोघरी भांडणं होतात.

नंबर लक्षात ठेवायचे तर १५ नको, पाचच ठेवा. १ आणि ३ हे स्क्रमचे खांब. ७ सगळ्यात आधी रकवर पोचणारा. ९ रकमधून चेंडू काढून देणारा, आणि १० पुढे काय करायचं ते ठरवणारा, बहुधा किकही मारणारा. १० चा दिवस खराब असेल तर संघाचाही जातो.

राखीव आठ असतात. पन्नासाव्या मिनिटापासून स्क्रमची पुढची रांग बदलू लागते. तिथेच सामना कलतो. २०२३ च्या अंतिम सामन्यात दक्षिण आफ्रिकेने आठांपैकी सात राखीव फॉरवर्ड, म्हणजे स्क्रममध्ये ढकलणारे गडी, ठेवले होते, म्हणजे शेवटच्या अर्ध्या तासात जवळपास पूर्ण नवा ताफा. त्याच सामन्यात न्यूझीलंडचा कर्णधार सॅम केन पूर्वार्धातच लाल कार्डाने बाहेर गेला होता. पिवळं कार्ड म्हणजे १० मिनिटं बाहेर. लाल कार्डाच्या जागी २० मिनिटांनी दुसरा खेळाडू आणता येतो, ही तरतूद २०२५ च्या सिक्स नेशन्समध्ये वापरली गेली. पिवळं निघालं की घड्याळ पाहा आणि त्या १० मिनिटांत कोण किती गुण घेतो ते मोजा.

तीन की कोपरा: घरबसल्या अंदाज

पेनल्टीची शिट्टी झाली की कर्णधार बोलण्याआधी घरातल्यांनी आपापला अंदाज सांगायचा. पंगतीत बसून करायला यापेक्षा चांगला खेळ नाही. आडाखे असे.

जागा खांबांपासून ४० मीटरच्या आत आणि मधल्या पट्ट्यात असेल तर बहुधा तीन. बाजूच्या रेषेजवळ असेल तर कोपरा. संघ ५ ते ७ ने पुढे असेल तर तीन, कारण अंतर ८ किंवा जास्त झालं की समोरच्याला एका ट्रायने गाठता येत नाही. समोरच्याचा एक खेळाडू पिवळ्या कार्डाने बाहेर असेल तर कोपरा. शेवटची दहा मिनिटं आणि ४ गुणांनी मागे असेल तर कोपऱ्याशिवाय इलाज नाही.

कोपऱ्याची निवड का फसते तेही ठाऊक हवं. पेनल्टीतून बाहेर मारलं की लाइनआउटमध्ये चेंडू फेकण्याचा हक्क त्याच संघाचा राहतो, हा मोठा फायदा. पण लोभाने अगदी गोलरेषेजवळ मारायला जावं आणि चेंडू बाहेरच जाऊ नये, तर सगळं मुसळ केरात. बाहेर गेला तरी २ नंबरचा हूकर ओलसर चेंडू सरळ फेकू शकला नाही, तर ताबा जातो. नीट फेकला आणि झेलला, मग आठ जण एकमेकांना चिकटून ढकलत निघतात. हा मॉल. तो थांबवायला बचावाने खाली पाडला की पुन्हा पेनल्टी, कधी पिवळं कार्ड, कधी थेट ७ गुणांचा पेनल्टी ट्राय.

वेळ संपल्याचा भोंगा झाला तरी खेळ लगेच थांबत नाही. चेंडू मृत होईपर्यंत चालतो. म्हणून पुढे असलेला संघ ८० मिनिटं झाली की चेंडू बाहेर मारून उड्या मारतो.

कुठल्या सामन्यात काय पणाला आहे

सिक्स नेशन्स १८८३ मध्ये चार संघांची म्हणून सुरू झाली. १९१० ला फ्रान्स, २००० ला इटली. एका स्पर्धेच्या पोटात बऱ्याच छोट्या स्पर्धा आहेत. इंग्लंड, स्कॉटलंड, वेल्स, आयर्लंड यांपैकी ज्याने बाकी तिघांना हरवलं त्याला ट्रिपल क्राउन. तळाला राहणाऱ्याला लाकडी चमचा, जो फक्त बोलण्यात असतो.

पण भारतीय माणसाने पहिला सामना निवडायचा तर इंग्लंड विरुद्ध स्कॉटलंड. त्यांचा चषक आपल्या रुपयांचा आहे. कलकत्त्यात १८७३ साली रग्बी खेळणाऱ्या ब्रिटिशांनी क्लब काढला. हवा मानवेना, पोलो आणि टेनिसकडे लोक वळले, सभासद गळाले. १८७८ मध्ये क्लब बंद करताना बँकेतली शिल्लक चांदीच्या रुपयांत काढली, ते रुपये वितळवून चषक घडवला आणि इंग्लंडच्या रग्बी युनियनला दिला. १८७९ पासून त्यासाठी सामना होतो. चषक जवळून दाखवतात तेव्हा नीट पाहा. कान तीन आहेत आणि तिन्ही फणा काढलेले नाग, झाकणावर हत्ती. १९८८ मध्ये सामन्यानंतर दोन खेळाडूंनी तो एडिंबराच्या रस्त्यावर नेऊन चेंडूसारखा उडवला आणि पार चेपवला. पुढे दुरुस्त झाला.

शेवटचा शनिवार चुकवू नका. तीनही सामने एकाच दिवशी, ७:४५, १०:१५ आणि रात्री दीडच्या सुमारास. गुण सारखे झाले की फरक पाहतात, आयपीएलच्या नेट रनरेटसारखा. २०१५ मध्ये शेवटच्या दिवशी वेल्सने इटलीला ६१-२० ने, आयर्लंडने स्कॉटलंडला ४०-१० ने हरवलं. मग इंग्लंडला फ्रान्सविरुद्ध २६ गुणांनी जिंकायचं होतं. दोन्ही संघांनी मिळून १२ ट्राय घेतले, इंग्लंड ५५-३५ ने जिंकलं आणि सहा गुण कमी पडले. आयर्लंड अजिंक्य. त्या दिवशी कागद-पेन घेऊन बसणाऱ्यालाच खरी गंमत आली असणार.

खाण्याचंही वेळापत्रक असतं. मध्यंतर जास्तीत जास्त १५ मिनिटांचं, त्यात तर्री-पोहे होत नाहीत. दहा जणांना किलोभर पोहे धरा. तर्री आधीच करून ठेवा, हरभरे आदल्या रात्री भिजत घाला आणि मध्यंतरात फक्त पोहे परता. सावजी मागवायचं असेल तर दोन सामन्यांमधल्या अर्ध्या-पाऊण तासात. रश्शाने माखलेल्या हाताने रिमोट धरायची वेळ येऊ देऊ नका.

चेंडू एकदा हातात घ्या

टीव्हीवर कळत नाही असं एकच, तो टप्पा. पाच नंबरचा चेंडू मागवा, लांबी २८ ते ३० सेंटीमीटर, वजन ४१० ते ४६० ग्रॅम. हवा साधारण साडेनऊ ते दहा पीएसआय. उन्हात गाडीत ठेवला तर दाब वाढतो आणि तो दगडासारखा होतो. कॉलनीच्या मैदानावर टप्पे पाडून पाहा. टोकावर पडला की उसळतो, पोटावर पडला की सरपटतो. मग किकच्या मागे पळणारे का चकतात ते उमजेल. मुलांना खेळवायचं असेल तर टच रग्बी खेळवा, टॅकलऐवजी दोन्ही हातांनी स्पर्श. उन्हाळ्यातल्या नागपूरच्या कडक मातीवर टॅकल शिकवू नका, खांदे आणि मनगटं निघतात. पावसाळ्यात गवत आलं की मगच.

पुढचं कॅलेंडर

२०२६ च्या जुलै आणि नोव्हेंबरसाठी नेशन्स चॅम्पियनशिप ही नवी स्पर्धा ठरली आहे. सिक्स नेशन्समधले सहा, दक्षिणेतले चार, शिवाय जपान आणि फिजी. महिलांचं रग्बी वेगळं समजून टाळू नका. २७ सप्टेंबर २०२५ ला ट्विकनहॅमवर इंग्लंडने कॅनडाला ३३-१३ ने हरवलं त्या विश्वचषकाच्या अंतिम सामन्याला ८१,८८५ प्रेक्षक होते.

पुरुषांचा विश्वचषक १ ऑक्टोबर ते १३ नोव्हेंबर २०२७, ऑस्ट्रेलियात. पहिल्यांदाच २४ संघ, चौघांचे सहा गट. प्रत्येक गटातले पहिले दोन आणि तिसऱ्या क्रमांकांतले सर्वोत्तम चार पुढे जातील, त्यामुळे बोनस गुण पूर्वीपेक्षा जास्त मोलाचे. वेळेचा घोळ मात्र मोठा आहे. ऑक्टोबरच्या पहिल्या रविवारी सिडनी आणि मेलबर्नची घड्याळं पुढे जातात आणि फरक साडेपाच तास होतो. ब्रिस्बेन साडेचारवरच राहतं, अ‍ॅडलेड पाच, पर्थ अडीच. म्हणजे सिडनीतला रात्री आठचा सामना आपल्याकडे दुपारी २:३० ला, पर्थमधला संध्याकाळी ५:३० ला. शहर पाहिल्याशिवाय वेळ लिहू नका. आणि दसरा-दिवाळी याच दिवसांत येते, तेव्हा फराळाची आणि साफसफाईची कामं कुणाच्या वाट्याला कुठल्या दुपारी येतात, ते घरी आधीच ठरवून घ्या.